विषय: वळिवड्याची पणजी (गणेशोत्सव, मुलांचा कार्यक्रम)

नमस्कार मंडळी,
यंदा मुलांनी घरातली एक गोष्ट सांगायची आहे. माझी लेक नऊ वर्षांची, बाबा पोलिश, आई कोल्हापूरची. तिच्या दोन्ही घरांची गोष्ट एकाच ठिकाणी येऊन मिळते. माझ्या आजेसासूबाई, म्हणजे लेकीची पणजी, लहानपणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात होत्या. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून त्यांचं सगळं घर उचलून सायबेरियात नेलं. तिथून सुटल्यावर इराण, कराची करत त्या १९४३ मध्ये कोल्हापूरला पोचल्या. सासूबाई लेकीला कॅम्पातली शाळा, चर्च, आंबे सगळं रंगवून सांगतात, पण सायबेरिया गाळतात. पोर लहान आहे म्हणतात. तुम्हाला काय वाटतं? आणि कॅम्पाबद्दल गावाकडून कुणी काही ऐकलंय का?
मी. (ईलिंग, लंडन)

---

ताई,
आमचं गाव उचगाव, वळिवड्याच्या शेजारचं. माझी आजी कॅम्पात भाजी विकायला जायची. पोलिश बायका मोडक्यातोडक्या मराठीत घासाघीस करायच्या, हे ती कौतुकानं सांगे. तिला नवल वाटायचं ते एवढ्या वस्तीत कर्ते पुरुष दिसत नाहीत याचं. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष जनरल अँडर्सच्या सैन्यात, म्हणजे सोव्हिएत कैदेतून सुटलेल्या पोलिश लोकांच्या सैन्यात गेलेले, नाहीतर सायबेरियातून परतलेच नव्हते.

लेकीला माझ्या आजीचा हाच प्रश्न घालून बघा. त्याचं उत्तर द्यायचं तर सायबेरिया सांगावाच लागतो. नऊ वर्षांच्या मुलीला भूक कळते, बाबा दूर असणं कळतं. ते वगळलं तर पणजी कोल्हापूरला सहलीला आली होती असंच तिला वाटेल, आणि त्या आंब्याचं मोलही कळणार नाही.

पोलिश लोक १९४७-४८ पर्यंत गेले, बरेचसे इंग्लंडलाच. मग त्याच बराकींत फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आज कापडाच्या बाजारासाठी आपण जातो ते गांधीनगर हेच. हेही तिला जरूर सांगा. पुढच्या सुट्टीत कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ दाखवा.
द. (स्लाऊ, इंग्लंड)

---

काका,
तुमचं पत्र सासूबाईंना भाषांतर करून वाचून दाखवलं. भाजीवाल्या आजीचा प्रश्न ऐकल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या. त्यांचे आजोबा, म्हणजे पणजीचे वडील, अँडर्सच्या सैन्यात होते, १९४४ मध्ये इटलीत मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत मारले गेले. बातमी वळिवड्याला पोचली तेव्हा पणजी अकरा वर्षांची होती. यातलं मला लग्नानंतर इतक्या वर्षांत काहीच ठाऊक नव्हतं. लेकीनं एकच विचारलं, "मग पणजीला तेव्हा कुणी जवळ घेतलं?" सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या बराकीतल्या बायकांनी.

सायबेरियाचं सासूबाई स्वतःच सांगणार आहेत, पोलिशमध्ये. लेक ते मराठीत सांगेल. उचगावची बाजू तुम्ही येऊन सांगाल का? समितीला विनंती, आम्हाला पाचाऐवजी पंधरा मिनिटं द्यावीत.
मी.