विषय क्र. ४: सायकल स्टँड (सीवूड्स, नवी मुंबई, सोसायटी ग्रुप)

सेक्रेटरी, बी-२०१: नमस्कार मंडळी. रविवारच्या सभेत स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या पार्किंगमधल्या) सायकलींचा विषय आहे. जिन्याखाली, मीटर रूमच्या दाराशी, पाइपांना टेकवून, सगळीकडे सायकली. बहुतेक २०२० च्या लॉकडाउनमधल्या. सूचना इथेच टाका.

ए-६०४: तेव्हाची हौस होती, संपली. भंगारवाल्याला द्या. स्टेशनला रिक्षा आहे.

सी-३०२: काका, हौसेचा दोष थोडाच. आपली सायकल काढायला आधी पुढच्या चार हलवाव्या लागतात, मग कळतं हवा नाही. तेवढ्यात रिक्षा स्टेशनला पोहोचते. जागा नीट केली तर २ किमीला १० मिनिटं लागतात, तेही रमतगमत.

सी-३०२: मोजमाप सांगतो. गाडीची एक जागा २.५ × ५ मीटर. त्यात ५ उलटे यू-स्टँड, दोन स्टँडमध्ये १ मीटर अंतर, कडेला अर्धा-अर्धा मीटर. प्रत्येक स्टँडला दोन्ही बाजूंनी एकेक, म्हणजे १० सायकली. सायकल साधारण १.८ मीटर लांब, त्यामुळे २.५ मीटरच्या रुंदीत आडवी सहज बसते. ५० मिमी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, उंची ७५ ते ८० सेमी.

बी-५०३: बाजारात तयार दात्यांचे स्टँड मिळतात, फक्त पुढचं चाक अडकवायचं. स्वस्त पडतील.

सी-३०२: ते नकोच. शेजारच्याचा धक्का लागला की सगळं वजन एका चाकावर येतं आणि रिम वाकते. शिवाय कुलूप फक्त चाकाला लागतं; चोर चाक तिथेच सोडून बाकीची सायकल नेतो. यू-स्टँडला फ्रेम आणि चाक दोन्ही बांधता येतात.

ए-१०१: सिव्हिलवाल्याच्या नजरेतून एक. जमिनीवर असेल तर पाइप ३० सेमी काँक्रीटमध्ये गाडा. पण पोडियमवर (खालच्या पार्किंगच्या स्लॅबवर) ड्रिल मारू नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या गाड्यांवर गळती सुरू. तिथे पाचही यू दोन लांब चॅनेलवर वेल्ड करून नुसते ठेवायचे. मंजूर नकाशात ती जागा पाहुण्यांच्या पार्किंगची असेल तर आधी आर्किटेक्टला विचारा. फायर ब्रिगेडच्या गाडीचा रस्ता तर अजिबात धरू नका.

ए-६०४: आणि गाडीची जागा कोण सोडणार?

सेक्रेटरी, बी-२०१: कोणाच्या वाटपातली जागा घेणार नाही. जनरेटरशेजारची सोसायटीची मोकळी आहे, तीच. ठराव सभेत.

सी-३०२: हवेबद्दल: ट्यूब पंक्चर नसली तरी रबरातून हवा हळूहळू जातेच. महिनोन्महिने सपाट टायरवर उभी राहिली की घडीवर चिरा पडतात, मग टायरच बदलावा लागतो. हवेचा दाब किती पीएसआय ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं, तेवढंच भरा. खाडीचा दमट वारा साखळीला लगेच गंज चढवतो. केरोसीनने पुसायची, प्रत्येक कडीवर मशीन ऑइलचा एक थेंब, मग फडक्याने वरचं तेल काढून टाकायचं. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

बी-७०२: इलेक्ट्रिक सायकलचं चार्जिंग कॉमन मीटरवर चालेल का?

ए-१०१: वीज मामुली. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ०.३६ युनिट, चार्जरची गळती धरून अर्ध्या युनिटच्या आत. प्रश्न आगीचा. जिन्याखाली, मीटर रूमपाशी किंवा रात्रभर कोणी नसताना लावू नका. सोबतचाच चार्जर वापरा. फुगलेली बॅटरी अजिबात नको.

सी-३०२: गेटबाहेरचंही बोलायला हवं. आपला गेटचा रॅम्प रस्त्यावर पुढे आलाय, त्याखाली गटार बुजतं आणि पहिल्या पावसात पाणी आपल्याच दारात. फूटपाथ गेटसमोर सलग एका पातळीवर राहायला हवा. चढ-उतार गाडीने करायचा, आजी-आजोबांनी नाही. १५ सेमी कर्बला (फूटपाथच्या कडेच्या उंचीला) व्हीलचेअरसाठी १:१२ उतार धरला तर १.८ मीटर लांबी लागते. आपला आहे जेमतेम निम्मा. कोपऱ्यावरच्या जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेने आहेत, पुढचं चाक अडकतं. जाळी चौकोनी आहे, ९० अंशात फिरवून बसवायला महापालिकेच्या विभाग कार्यालयाला अर्ज द्या, खर्च जवळपास नाही.

बी-५०३: बाहेर सायकल ट्रॅकसाठीही लिहायचं का? पॅरिसने २०२० मध्ये रस्त्यावर तात्पुरत्या लेन आखल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच पुढे कायमच्या झाल्या. आपल्याकडेही त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने शहरांसाठी ‘सायकल्स फॉर चेंज’ चॅलेंज काढलं होतं.

सी-३०२: लिहा, पण नुसता रंग मागू नका. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यावर दुसऱ्या दिवशी टेम्पो उभा राहतो. मध्ये खांब किंवा कुंड्या हव्यात. आणि फूटपाथ कापून ट्रॅक नको; इंडियन रोड्स काँग्रेसने फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. जागा गाड्यांच्या लेनमधून काढायची.

ए-६०४: जुन्या सायकलींचं काय मग?

सेक्रेटरी, बी-२०१: सोमवारपासून प्रत्येकीला फ्लॅट नंबरचा टॅग. ३० दिवसांत टॅग भरला नाही तर फोटोसह नोटीस बोर्डावर, आणखी १५ दिवसांनी सभेच्या ठरावाने निकाल.

बी-५०३: लहान मुलांच्या, दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं असलेल्या सायकली यू-स्टँडला टेकत नाहीत हो.

सी-३०२: त्या मागच्या भिंतीला हुकावर, पुढचं चाक वर. हूक विटेत नाही, आरसीसी कॉलममध्ये, आणि एवढ्या उंचीवर की मुलाला स्वतःला काढता येईल.