इकिरू बघितला, मग लिव्हिंग बघितला, आणि त्या पत्रापाशी अडकलोय

मधली_रांग

स्पॉयलर भरपूर आहेत, दोन्ही बघायचे असतील तर पुढे वाचू नका.

कुरोसावाचा इकिरू (1952) मी कॉलेजात असताना अर्ध्यावर सोडला होता. सरकारी ऑफिसातला एक म्हातारा, पोटाचा कॅन्सर, काळा-पांढरा, वर 143 मिनिटं, तेव्हा काही झेपलं नाही. परवा रात्री एकट्याने पूर्ण बघितला आणि संपल्यावर बराच वेळ जागेवरून उठवलंच नाही. तो दवाखान्यातला सीनच बघा ना, डॉक्टर काय सांगणार हे वेटिंग रूममधला शेजारचा पेशंट आधीच सांगून टाकतो, की साधा अल्सर आहे, काय हवं ते खा असं म्हणाले म्हणजे समजायचं वर्षभरसुद्धा उरलेलं नाही. आणि मग आत डॉक्टर अगदी तेच बोलतात! खोटंच बोलतात, पण त्याला आता कळलेलं असतं, आणि आपण नुसते म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या ताकाशी शिमुराच्या डोळ्यांकडे बघत राहतो.

नंतर ते हॉटेल. आता आपण काहीतरी करू शकतो हे त्याला अचानक सुचतं, हातात खेळण्यातला ससा घेऊन तो धडपडत जिना उतरतो, आणि त्याच वेळी पोरं 'हॅपी बर्थडे' गायला लागतात, दुसऱ्याच एका मुलीसाठी, ती जिना चढून वर येत असते. इथे मी रडलो, सरळ सांगतो.

आणि त्यानंतर थोड्याच वेळात निवेदक सांगतो की तो गेला. पिक्चर अजून जवळपास पाऊण तास बाकी! पुढे त्याच्या फोटोसमोर बसलेली ऑफिसची माणसं, पीत पीत वाद घालतात की तो ज्याच्या मागे लागला होता ते मुलांचं मैदान नक्की कुणामुळे झालं.

हे डोक्यात ताजं असताना त्याचाच ब्रिटिश रिमेक लिव्हिंग (2022) बघितला. आवडला, खरंच आवडला, पण शेवटी तो तरुण क्लार्कसाठी पत्र ठेवून जातो ना, तिथे मी बाहेर फेकला गेलो. जुन्यात तो माणूस कुणालाच काही समजावून सांगत नाही, बाकीच्यांना तो तुकड्यातुकड्याने जोडावा लागतो आणि आपल्यालाही. इथे तो स्वतःच सांगून जातो. हे फक्त मलाच खुपलं का? की लागोपाठ बघितल्यामुळे असं होतंय?

सबटायटलवाली

मी उलट क्रमाने बघितले, आधी लिव्हिंग आणि महिन्याभराने इकिरू, त्यामुळे असेल पण मला ते पत्र अजिबात खुपलं नाही. ते त्या नवीन पोरासाठी आहे, जो अजून त्या फायलींच्या ढिगात पुरता गाडला गेलेला नाही. आपल्यासाठी नाहीच ते.

आणि दवाखान्याचाच सीन घेतलास तर तिथे फरक बघ. लिव्हिंगमध्ये डॉक्टर खरं तोंडावर सांगतात. मग त्या म्हाताऱ्याच्या भूमिकेतल्या बिल नायीकडे करायला काय उरतं? तो जेमतेम काहीतरी पुटपुटतो, जणू डॉक्टरांनाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. ते 1953 चं लंडन आहे, तो माणूस तसाच वागणार, डोळे विस्फारून बघणार नाही. पटकथा काझुओ इशिगुरोची, आणि मला वाटतं त्याने हे फार विचार करून केलंय, शिमुराची नक्कल करायला लावली असती तर सगळं कोसळलं असतं. नायी आणि इशिगुरो दोघांनाही ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं होतं आणि माझ्या मते दोघांचाही हक्कच होता.

गाणंसुद्धा बदललं. तिथे ते गोंडोलाचं जुनं जपानी गाणं, इथे स्कॉटिश. पबमध्ये म्हणताना आवाज तुटतो आणि शेवटी त्या मैदानातल्या झोपाळ्यावर मात्र पूर्ण म्हणतो, तिथे मी संपले.

जुना_प्रोजेक्टर

मधली_रांग, तुझ्याशी सहमत, पण कारण वेगळं आहे. मला पत्रापेक्षा जास्त खुपलं ते शोकसभेचं लहान होणं. लिव्हिंग 102 मिनिटांचा आहे, म्हणजे 41 मिनिटं कमी, आणि त्यातली बरीचशी तिथेच गेलीत असं वाटतं, कारण यापुढे त्याच्यासारखं काम करू अशा सहकाऱ्यांच्या त्या शपथा वगैरे रेल्वेच्या डब्यात पटकन उरकल्यात. इकिरूच्या फक्त दोन वर्षं आधी कुरोसावाने राशोमोन (1950) केला होता, तिथेही एकच घटना वेगवेगळ्या तोंडून ऐकायची, फक्त तिथे सगळे आपापल्या सोयीचं बोलतात आणि खरं काय ते हाती लागत नाही. इकिरूत तीच युक्ती आहे पण उलटी, माणसं जितकं श्रेय लाटायला बघतात तितका तो म्हातारा स्पष्ट होत जातो. उपमहापौर निघून गेल्यावर हळूहळू जिभा सुटतात, आणि पोलीस त्या म्हाताऱ्याची हॅट घेऊन येतो. हे व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ कापला की परिणामही कापला जातो.

बंद खोलीतल्या वादाची मजा अजून हवी असेल तर सिडनी ल्युमेटचा ट्वेल्व्ह अँग्री मेन (1957) परत बघ. त्यात कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या वर असतो, मग समोर येतो, शेवटच्या भागात खाली जातो, आणि लेन्सही बदलत जातात, त्यामुळे खोली आपल्या नकळत आवळत जाते. मला हे तिसऱ्यांदा बघताना दिसलं.

आणि शिमुराबद्दल एक राहिलंच. इकिरूनंतर दोनच वर्षांनी तो सेव्हन सामुराईत त्या सातांचा म्होरक्या आहे, ताठ, शांत, डोक्यावरून हात फिरवत हसणारा. दोन्ही लागोपाठ बघा, हा तोच माणूस यावर विश्वास बसत नाही!

खिडकीजवळ

नवीन पिक्चर सगळं समजावून सांगतात असं म्हणणार असाल तर थांबा. विम वेंडर्सचा परफेक्ट डेज (2023) बघितलात का? टोकियोत सार्वजनिक टॉयलेट साफ करणारा माणूस, कॅसेटवर गाणी ऐकतो, झाडांचे फोटो काढतो. एकदा बहीण ड्रायव्हरवाल्या गाडीतून येते, दोन-चार वाक्यं होतात, तो तिला मिठी मारतो आणि ती गेल्यावर रडतो. घर का सोडलं, वडिलांशी काय झालं, काहीही सांगत नाहीत. आणि शेवटी गाडी चालवताना कोजी याकुशोचा चेहरा, हसतोय की रडतोय ते ठरवता येत नाही, कॅमेरा हलतच नाही. त्याला कानच्या फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट अॅक्टर मिळालं त्यात नवल नाही.

मधली_रांग

सबटायटलवाली, तुझं वाचून काल लिव्हिंगचा शेवट परत लावला. पत्र अजूनही नको होतं असंच वाटतंय, पण झोपाळ्यावरच्या गाण्याबद्दल तू म्हणतेस ते मान्य, पहिल्यांदा बघताना मी तिथे इकिरूत तो झोपाळ्यावर गातो तेव्हा पडणारं बर्फच शोधत बसलो होतो.

मग इकिरूचाही शेवट लावला. शपथा घेतलेले सगळे दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखेच वागतात, एकटा किमुरा नावाचा क्लार्क चिडून उठतो आणि परत खाली बसतो, कागदांच्या ढिगामागे पार दिसेनासा होतो. हे कॉलेजात दिसलंच नव्हतं, तिथपर्यंत पोचलोच नव्हतो ना. परफेक्ट डेज बाकी आहे, शनिवारी बघतो आणि इथेच येऊन लिहितो.