कारण नसताना मन हलकं करून जाणारे तुमचे छोटे क्षण कोणते?

उंबरठा
बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, आज विचारूनच टाकते. मोठे आनंद सगळ्यांना माहीत असतात, नोकरी लागली, निकाल चांगला लागला, घर झालं, तेव्हा लोक आपणहून फोन करतात. मला विचारायचंय ते त्या आनंदांबद्दल जे कुणाला सांगायला गेलं तर समोरचा म्हणेल "बरं, मग?" म्हणजे बघा, रात्री मध्येच जाग येते, उठायची वेळ झालीच असणार या धास्तीने घड्याळ बघावं आणि कळावं की अजून चांगली दोन-तीन तास झोप शिल्लक आहे, मग पांघरूण गळ्यापर्यंत ओढून कूस बदलायची, त्या मिनिटभरात जे सुख लागतं ना ते मी कशाच्याच बदल्यात देणार नाही.

पण घरी कुणी विचारलं की दिवस कसा गेला, तर मी फक्त काय बिनसलं तेवढंच सांगते. चांगलंही काहीतरी झालेलं असतं, ते तोंडावर येतच नाही. हे मला खटकतं. तर तुमचे असे क्षण कोणते, आणि ते धरून ठेवायला तुम्ही काही करता का, की आले तसे जाऊ देता?

रातकिडा
उशी उलटवली की लागणारी गार बाजू!! दिवसभर घट्ट बुटात कोंडलेली पायाची बोटं मोकळी होतात ते. कालपासून आठवत नसलेलं नाव भलतंच काहीतरी करताना टपकन आठवणं. आणि पलीकडच्या खोलीत घरातली माणसं कशावरून तरी खदखदून हसतायत, विनोद काय झाला ते आपल्याला माहीत नाही तरी आपल्यालाही हसू फुटतं, हा सगळ्यात आवडता. धरून बिरून काही ठेवत नाही.

मातीगंध
आयडीवरून कळलंच असेल, बऱ्याच दिवसांच्या कोरड्यानंतर पडणाऱ्या पावसाचा वास. हातातलं काम टाकून खिडकीत जाते मी.

मध्यंतरी याच्यामागचं विज्ञान वाचत बसले होते, फार सुंदर आहे ते म्हणून लिहिते. मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू असतात, ते जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात आणि आपलं नाक त्या एका रसायनासाठी इतकं तिखट आहे की लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी कळतं. शिवाय कोरड्या दिवसांत झाडांपासूनची तेलं दगडमातीत मुरत राहतात, हे ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली मांडलं. पण मला सगळ्यात आवडलं ते २०१५ मधलं, अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी पावसाचे थेंब हायस्पीड कॅमेऱ्याने टिपले, थेंब सच्छिद्र मातीवर आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर चढतात आणि फुटून अगदी सूक्ष्म तुषार हवेत उडवतात. त्या तुषारांवर बसून तो वास आपल्यापर्यंत पोचू शकतो. आणि हे हलक्या ते मध्यम पावसात जास्त होतं, मुसळधार पावसात कमी. आता सर यायला लागली की मी वास घेता घेता ते बुडबुडे डोळ्यासमोर आणते, त्यामुळे माझा मुक्काम खिडकीत जरा जास्तच वेळ असतो.

नवाबाबा
आमच्याकडे बाळ आलंय, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं. तिच्या तळहातावर माझं बोट ठेवलं की मूठ मिटते. नखं केवढीशी, आणि पकड अशी की सोडवताना एकेक बोट उचलावं लागतं. डॉक्टर म्हणाले ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तळहाताला काहीही लागलं तरी मूठ मिटणारच, आणि पाच-सहा महिन्यांची होईपर्यंत ही आपोआप जाते. जाते म्हटल्यावर मी रात्री दूध पाजून झालं की लगेच खाली ठेवत नाही तिला, झोप कितीही आलेली असो. परवा माझ्याकडे बघून हसली, झोपेतलं हसू नाही, डोळ्यांत बघून. दीड-दोन महिन्यांच्या आसपास बाळं अशी ओळखीचं हसायला लागतात म्हणे. मी अर्धा तास तेच तेच आवाज काढत होतो परत हसावी म्हणून.

आकडेमोड
उंबरठा, तुमचा खटकण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं लिहितो. एड डीनर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, आयुष्यभर सुख या विषयावरच काम केलं, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलं होतं की माणूस सुखी आहे की नाही हे त्याला किती जोरदार आनंद झाला यापेक्षा तो किती वेळा आनंदी होता यावर जास्त ठरतं. म्हणजे तुमची कूस बदलण्याची गोष्ट किरकोळ नाही, खरा हिशोब तिथेच चाललेला असतो.

याचीच दुसरी बाजू १९७८ च्या एका अभ्यासात दिसते. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं, मित्राशी गप्पा, विनोद ऐकणं, कुणी केलेलं कौतुक, असल्या साध्या गोष्टींत किती मजा येते? लॉटरी न लागलेल्या लोकांपेक्षा त्यांना ती कमी येत होती. माणसं मोजकीच होती त्यामुळे यावर फार मोठी इमारत बांधू नये, पण मला हे वाचून धक्का बसला होता. मोठा आनंद येतो आणि जाताना लहान आनंदांची चव घेऊन जातो, असं होऊ शकतं.

सावली
मी थोडं वेगळं लिहिते. आई गेल्यानंतर बरेच महिने मला असलं काहीही जाणवत नव्हतं. पाऊस यायचा, कळायचं की पाऊस आलाय, बस. त्या काळात लोक प्रेमानेच सांगायचे की छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोध, आणि मला ते ऐकून जास्त एकटं वाटायचं, कारण शोधून सापडत नव्हता. म्हणून सगळ्यांना विनंती, दुःखात असलेल्या माणसाला हे सांगू नका. त्याच्या शेजारी बसा.

तो परत आला तो मी न बोलावताच. उन्हात वाळलेले कपडे काढत होते, टॉवेल चांगला गरम झाला होता, सहज गालाला लावला आणि खूप बरं वाटलं. पाठोपाठ मनात आलं की मला बरं कसं काय वाटू शकतं, आणि रडू आलं. आता कळतं की दोन्ही एकाच वेळी असू शकतं, एकाला जागा द्यायला दुसऱ्याला बाहेर काढावं लागत नाही.

कागदपेन
सावली, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. माझ्या मैत्रिणीचं सध्या असंच चाललंय, आज संध्याकाळी तिच्याकडे जाते.

धरून ठेवायचं म्हणाल तर मी लिहून ठेवते, पण रोज नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा २००५ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे, आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं, त्याचा फायदा सहा महिन्यांनीही दिसत होता. पण त्याच वर्षी सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाने सांगितलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला, तीनदा लिहिणाऱ्यांना पडला नाही. मला हे पटतं. रोज लिहायला लागलं की दिवसभर आपण वहीत काय लिहू हेच बघत फिरतो आणि जे समोर चाललंय त्यात आपण नसतोच. मी रविवारी बसते, जे आपोआप आठवेल तेवढंच लिहिते, तेही बारकाव्याने, म्हणजे "पाऊस छान होता" असं नाही तर भिजलेल्या कावळ्याने पंख झटकले आणि पाणी कुठे कुठे उडालं ते. बारकावा लिहिला तरच महिन्यांनी वाचताना तो क्षण परत उभा राहतो, नुसतं "छान" लिहिलं की काही म्हणजे काही आठवत नाही.

रातकिडा
@कागदपेन हे रविवारचं जमेल असं वाटतंय. आणि नवाबाबा, ते तेच तेच आवाज काढणं पण यादीत घ्या, माझी भाची आता शाळेत जाते आणि मी अजून काढतो.

उंबरठा
सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. सावली, तुमचं वाचून मी उठून आईला फोन केला, काही खास नाही, नुसताच.

वही मला जमेल असं वाटत नाही, पण काल रात्री घरी विचारलं गेलं तेव्हा ठरवून आधी चांगलं सांगितलं, ऑफिसात एक नवीन मुलगी आहे, कुणाशी बोलत नाही, ती स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसली. एवढंच सांगितलं. तर नवरा, जो एरवी "ठीक होता दिवस" याच्यापुढे जात नाही, तो म्हणाला, "आज एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून ठेवलं, मी पार टोकाला होतो तरी," आणि मग त्यांच्याशी काय बोलणं झालं ते सांगत बसला. बिनसलेल्या गोष्टीही बोललो आम्ही नंतर, त्या कुठे जातात. पण जरा उशिरा, आणि नेहमीपेक्षा थोडक्यात. आणखी कुणाचे असतील तर लिहा, वाचतेय.