डॅनिश शिकायची तर सुरुवात कुठून करावी?

शिरोली_नाका: मंडळी, घरातला पोरगा शिकायला डेन्मार्कला, ऑर्हूसला निघालाय. डॅनिश म्हणजे जर्मनचीच बोली का? कोल्हापुरात घरबसल्या तयारी करायची तर अडतं कुठं?

जुना_राजवाडा: बोली नव्हे, स्वतंत्र भाषा. मूळ जुनी नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा. स्वीडिश आणि नॉर्वेजियन तिच्या सख्ख्या, जर्मन चुलत. डेन्मार्कातल्या येलिंगचे रूनिक, म्हणजे तिथल्या जुन्या लिपीतले, शिलालेख दहाव्या शतकातले. पुढं हान्सा या व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांबरोबर उत्तर जर्मनीतले ढीगभर शब्द आले, म्हणून तसा भास होतो. व्याकरणाला भिऊ नका. मी, तू, आम्ही, ते, सगळ्यांना क्रियापदाचं एकच रूप. लिंगं दोनच, पण ती शब्दागणिक पाठ करावी लागतात. कारण इंग्रजीतल्या 'द हाउस'सारखं म्हणायला वेगळा शब्द लावत नाहीत, शेपूटच जोडतात: 'हूस' घर, 'हूसेट' द हाउस. लिंग चुकलं की शेपूट चुकलं.

औटकी_पाठ: आकड्यांवर सगळं जग रडतं, आपण रडायचं कारण नाही. 50 ते 90 विसांत मोजतात. साठ तीन विसा, ऐंशी चार विसा. पन्नास म्हणजे 'अर्धा तिसरा' विसा, म्हणजे अडीच विसा. आपलं 'अडीच'ही संस्कृत अर्धतृतीयातूनच आलंय! सत्तर औट, म्हणजे साडेतीन विसा, नव्वद साडेचार विसा. शिवाय एकक आधी: 92 ला 'दोन आणि नव्वद', आपल्या ब्याण्णवसारखंच. फोन नंबर आठ आकडी, जोड्यांनी सांगतात. तेवढा कान तयार करा. तीस-चाळीस मात्र दहांत, तिथं विसा लावू नका.

रंकाळा_चौपाटी: खरी गोची उच्चारात. लिहिलेलं निम्मं गिळतात, म्हणून नुसतं वाचून शिकू नका. पहिल्या दिवसापासून ऐकत वाचा. मऊ 'ड'ला जिभेचं टोक खालच्या दातांमागं ठेवून मागचा भाग किंचित उचला. आपल्या कानाला 'ल' वाटतो. दुसरं 'स्टॉड', घशातला झटका. 'हुन' म्हणजे ती. तेच घशात अडखळवलं की कुत्रा. 'कुत्रा'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी डी आहे, पण तो मुका.

शिरोली_नाका: भारीच! आणि ती तीन जादा अक्षरं?

जुना_राजवाडा: ए-ई चिकटलेलं, 'ओ'वर तिरकी रेघ, एच्या डोक्यावर गोल. तिन्ही झेडच्या नंतर. गोलवालं 1948 च्या सुधारणेत आलं, आधी तिथं दोन ए लिहीत. ऑर्हूसनं 2011 पासून परत दोन ए घेतलेत, तरी डॅनिश यादीत ते सहसा शेवटीच येतं. वर शोधत बसू नका. फोनवर ए किंवा ओ दाबून धरलं की तिन्ही मिळतात.