मदत हवी आहे: बघायला गेलं की गप्प, पाठ फिरली की फॅन सुरू. कॉम्प्युटरमध्ये मायनर (आपल्या मशीनवर चोरून क्रिप्टोकरन्सी कमावणारा प्रोग्रॅम) घुसलाय का?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज, दोन आठवडे झाले काही सुचत नाहीये.

घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, आय५, १६ जीबी रॅम, विंडोज ११. बायको त्यावर डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असं सगळं. घरातली अर्धी कमाई त्या मशीनवर आहे आणि माझे वडील गेले त्यांचे शेवटच्या वर्षांतले फोटोपण त्यातच आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

आधी लक्षात आलं ते आईच्या. तिची खोली शेजारी, ती म्हणाली अरे तुमचं ते यंत्र रात्रभर घोंघावतंय, बंद का करत नाही. मी म्हटलं स्लीपला जातं ते आपोआप. पण रात्री दीडला उठून बघितलं तर खरंच, स्क्रीन काळी, आणि कॅबिनेटच्या मागे हात धरला तर हेअर ड्रायरसारखी गरम हवा. माऊस हलवला आणि पाच-सात सेकंदांत फॅन शांत. टास्क मॅनेजर उघडला तर उघडताक्षणी सीपीयू ९० च्या वर दिसला आणि बघता बघता ४ टक्क्यांवर आला. लिस्टमध्ये वावगं काहीच नाही. बंद करून खोलीच्या बाहेर उभा राहिलो, चार-पाच मिनिटांत परत तोच आवाज. हे मी तीन रात्री करून बघितलं, दर वेळी तेच.

स्लीपची वेळ मी १५ मिनिटं ठेवलेली, ती आता नेव्हर झालीय, घरात कोणीच बदललेली नाही. विंडोज अपडेटपण एरर देतंय. अँटिव्हायरसची वेबसाइट उघडायला गेलो तर उघडतच नाही, मोबाइलवर त्याच वायफायवर उघडते! विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसचा क्विक स्कॅन म्हणतो सगळं ठीक. इलेक्ट्रिशियन मित्राकडून प्लगला लावायचा वॉट मीटर आणला, एरवी ४५ च्या आसपास असतो, रात्री १२० दाखवतो.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, त्याने यूट्यूबवरच्या कुठल्याशा लिंकवरून गेम टाकला होता. त्याला फोन केला तर म्हणाला झिपला पासवर्ड होता आणि आधी अँटिव्हायरस बंद करा असं लिहिलेलं. पोराला ओरडलो नाही, १३ वर्षांचा आहे.

कोणी म्हणतं ब्राउझरमधून मायनिंग होतं, ब्राउझर काढून टाक. कोणी म्हणतं फॉरमॅट मार. नेमकं काय करू? हे मायनिंगच आहे हे पक्कं कसं कळेल?

प्रतिसाद

दादा, आधी एक करा, नेटची केबल काढा किंवा वायफाय बंद करा, मग पुढचं वाचा. मायनर केलेली आकडेमोड ज्या सर्व्हरला पाठवतो तिथपर्यंत पोचता आलं नाही की तो बसून राहतो. नेट बंद असताना रात्री फॅन शांत राहिला तर तीपण एक खूण.

ब्राउझरचं म्हणाल तर तो प्रकार २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह ही वेबसाइटमधून मायनिंग करून देणारी सेवा आल्यावर फार वाढला होता, ती सेवा मार्च २०१९ ला बंद झाली, आणि तसंही ते टॅब उघडा असेपर्यंतच चालतं. तुमच्याकडचं त्यातलं वाटत नाही. हे बहुतेक मोनेरो या क्रिप्टोकरन्सीवालं. बिटकॉइनला घरचा पीसी कुचकामी आहे, त्याला खास मशीनं लागतात, पण मोनेरोने नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स नावाची पद्धत आणली ती मुद्दाम साध्या सीपीयूवर नीट चालावी अशीच बनवलीय. त्यांनी ते चांगल्या हेतूने केलं, मोठ्या मशीनवाल्यांची मक्तेदारी होऊ नये म्हणून, पण चोरांना त्यामुळे लोकांचे घरचे कॉम्प्युटर कामाला लावणं सोपं झालं. एका पीसीमागे त्यांना दिवसाला जेमतेम काही रुपये मिळतात, म्हणून ते हजारोंनी गोळा करतात. २०२१ मध्ये अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा मालवेअर उघडकीस आणला तोही क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्स तोडून फुकट वाटलेल्या गेममधूनच पसरला होता, २ लाख २२ हजारांवर कॉम्प्युटर.

तुम्ही वर्णन केलेलं सगळं त्यांच्या ठरलेल्या चालीत बसतं. टास्क मॅनेजरचं नाव दिसलं की थांबायचं, स्लीप बंद करायची, अपडेटच्या सर्व्हिसेस पाडायच्या, होस्ट्स फाइलमध्ये (कुठली वेबसाइट कुठल्या पत्त्यावर ते विंडोज आधी इथे बघतं) अँटिव्हायरसवाल्यांचे पत्ते चुकीचे लिहून ठेवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिफेंडरला सांगून ठेवायचं की या या फोल्डरकडे बघूच नकोस. म्हणून तुमचा स्कॅन स्वच्छ येतोय. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, आणि खाली एक्सक्लूजन्स. तिथे काय आहे ते इथे लिहा, लगेच काही काढू नका.

पक्कं बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून प्रोसेस एक्सप्लोरर (टास्क मॅनेजरसारखंच, पण जास्त तपशील दाखवणारं टूल) दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, पेनड्राइव्हने आणा आणि चालवण्याआधी त्या फाइलचं नाव बदला, काहीही ठेवा, बटाटा ठेवा. हे मायनर नावं बघूनच थांबतात, नाव बदललं की बरेचदा फसतात. नेट थोडा वेळ चालू करा, माऊसला हात लावू नका आणि लांबून बघा. सीपीयूबरोबर मेमरीपण बघा. रँडमएक्सला पूर्ण वेगाने चालायला २ जीबीच्या वर रॅम लागते, आणि हे नेहमी विंडोजच्याच एखाद्या प्रोसेसच्या नावाखाली लपतात, पण ती २ जीबी काही लपत नाही.

धागाकर्ता

ताई, केलं सगळं. खुर्ची दारात टाकून मोबाइलने झूम करून स्क्रीन बघत बसलो, सहाव्या मिनिटाला लिस्टमध्ये एक्सप्लोरर नावाची (विंडोजच्या फोल्डर-डेस्कटॉपवाल्या प्रोसेसचं नाव) एक प्रोसेस वर आली, ७० टक्के सीपीयू, २.३ जीबी मेमरी. बायकोपण मागे उभी होती, तिला घाम फुटला. आमचा खरा एक्सप्लोरर त्याच लिस्टमध्ये खाली वेगळा दिसत होता, १५० एमबीच्या आसपास.

एक्सक्लूजन्समध्ये तीन नोंदी सापडल्या: पूर्ण यूझर फोल्डर, पूर्ण प्रोग्रॅम फाइल्स, आणि डॉट ईएक्सई. म्हणजे राहिलं काय मग! होस्ट्स फाइलमध्ये खाली स्क्रोल केलं तर अँटिव्हायरस कंपन्यांच्या नावांची रांगच. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दाखवणाऱ्या ऑटोरन्स टूलनेपण बघितलं, त्यात गूगल अपडेट टास्क मशीन क्यूसी अशी एक नोंद आहे, ती क्रोमच्या फोल्डरमधल्या अपडेटर नावाच्या फाइलकडे जाते. ही खरी गूगलची का?

प्रतिसाद

नाही. गूगलच्या जुन्या टास्कच्या शेवटी कोअर किंवा यूए असायचं. क्यूसीवालं हे या मायनरच्या एका तयार किटमधलं ठरलेलं नाव आहे, बऱ्याच जणांकडे हेच सापडतं.

आता काढायचं कसं. साफ करायचा प्रयत्न करायचा असेल तर क्रम चुकवू नका. नेट बंद. एक्सक्लूजन्स तिन्ही काढा. तो टास्क डिसेबल करा, लगेच डिलीट नको, नोंद राहू दे. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, साधारण पाव तास घेतो, त्यामुळे मायनर जागाच नसतो. त्यानंतर रीस्टार्ट करून एक्सक्लूजन्स परत बघा. परत आल्या असतील तर अजून काहीतरी आत जिवंत आहे.

पण मनापासून सांगते, ज्या मशीनवर घर चालतं तिथे मी साफसफाईवर थांबणार नाही. त्या झिपमधून फक्त मायनर आला असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, अशा क्रॅकबरोबर ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड उचलणारा दुसरा प्रोग्रॅमपण बरेचदा येतो. मायनर आवाज करतो म्हणून सापडतो, तो दुसरा आवाज करत नाही. म्हणून आधी मोबाइलवरून, या पीसीवरून नाही, ईमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट मारा, मग बँक, मग बाकीचे. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

फॉरमॅट म्हणजे रिसेटचं बटण नाही. दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा, विंडोजच्या ड्राइव्हची सगळी पार्टिशन्स डिलीट करून नवीन इन्स्टॉल. त्याआधी फोटो, पीडीएफ, डीटीपीच्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, पण सेटअप, झिप, गेम काहीही नको. आणि डीटीपीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आधी डीॲक्टिव्हेट करायचं असतं का ते विक्रेत्याला विचारून घ्या, नाहीतर तिथे अडकाल.

धागाकर्ता

ताई, तीन दिवस लागले. ऑफलाइन स्कॅनने दोन फाइल्स पकडल्या, पण रीस्टार्टनंतर यूझर फोल्डरची नोंद एक्सक्लूजन्समध्ये परत हजर, तेव्हा मग मागेपुढे न बघता फॉरमॅट केला. वडिलांचे फोटो आधी दोन ठिकाणी कॉपी केले आणि एकेक फोल्डर उघडून बघितला, सगळे आहेत. लायसन्सचं विचारलं ते बरं झालं, खरंच आधी डीॲक्टिव्हेट करावं लागलं. विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट झालं. काल रात्री दोनला मीटर बघितला, स्लीपमध्ये २ वॉट. भाच्यासाठी वेगळं अकाउंट केलंय, त्याला इन्स्टॉलचा अधिकार नाही, आणि का नाही ते त्याला फोनवर नीट समजावलं.

एक राहिलं. त्या दिवसांत बायकोचा पेनड्राइव्ह प्रेसवाल्यांच्या मशीनला चार-पाचदा लागलाय. त्यांना सांगू का? ती म्हणते काम जाईल.

प्रतिसाद

सांगा दादा. हे क्यूसीवालं सहसा पेनड्राइव्हमधून पसरत नाही, पण त्या झिपमध्ये आणखी काय होतं ते आपल्याला माहीत नाही. वहिनींना म्हणावं, आमच्याकडे असं निघालं, तुमच्या मशीनच्या एक्सक्लूजन्स एकदा बघून घ्या आणि ऑफलाइन स्कॅन लावा, एवढंच सांगायचं. कसं बघायचं ते विचारलं तर हाच धागा दाखवा. आणि तो पेनड्राइव्ह नवीन विंडोजवर आधी स्कॅन करा, मग फॉरमॅट करा, मगच पुढच्या पत्रिकेला वापरा.