शब्दचर्चा : ‘थर्मल ओव्हरलोड रिले’ला काय म्हणावं?

प्रश्न : विजेच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये, जास्त भार आला की मोटार बंद करणारा थर्मल ओव्हरलोड रिले असतो. त्याला एका माहितीपत्रकात ‘उष्णतारोधक रिले’ म्हटलंय. बरोबर आहे का?

– अजिबात नाही. उष्णतारोधक म्हणजे उष्णता अडवणारं. हा रिले उष्णतेवरच चालतो! मोटारीला जाणारा प्रवाह त्याच्यातून जाताना द्विधातू पट्टी तापते. पट्टीतले दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते. पुरेशी वाकली की रिलेचा संपर्क उघडतो आणि कॉन्टॅक्टर (मोटारीचा वीजपुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच) पडतो, म्हणजेच ‘ट्रिप’ होऊन मोटार बंद पडते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, त्यामुळे भार जितका जास्त तितकी ट्रिप लवकर. ‘औष्णिक अतिभार रिले’ म्हणा.

– ‘औष्णिक’ म्हटलं की मला वीजकेंद्रच दिसतं. कामावर सगळे नुसतं ‘ओव्हरलोड’ म्हणतात : ‘ओव्हरलोड ट्रिप झालाय, बघ जरा.’ मराठीच हवं तर सरळ ‘अतिप्रवाह रिले’ का नको?

– कारण अतिप्रवाहात शॉर्ट सर्किटही येतं, आणि तिथे पट्टी तापायची वाट बघत बसलो तर वायर जळेल. एमसीबीत (घरच्या बोर्डावर असतो त्या आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये) म्हणूनच दोन यंत्रणा असतात : चुंबकीय भाग आणि द्विधातू पट्टी. सी प्रकारच्या एमसीबीत नेमून दिलेल्या प्रवाहाच्या 5 ते 10 पटींच्या दरम्यान चुंबकीय भाग प्रवाह क्षणात तोडतो, 1.45 पट प्रवाह असेल तर पट्टीला तासाभरापर्यंत मुभा असते. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. मोटार सुरू होताना काही सेकंद सहा-सात पट प्रवाह घेते, तेवढ्यावर रिले पडू लागला तर मोटार चालायचीच नाही. ‘क्लास 10’चा रिले थंड असताना त्यावर सेट केलेल्या प्रवाहाच्या 7.2 पट प्रवाहाला 10 सेकंदांच्या आत ट्रिप होतो, ‘क्लास 20’चा 20 सेकंदांच्या आत. तेव्हा ‘अतिभार’च ठेवा.

– मग इस्त्रीतला थर्मल फ्यूज?

– तो वेगळा. तो प्रवाह मोजत नाही, आजूबाजूचं तापमान बघतो. ठरलेलं तापमान ओलांडलं की कायमचा तुटतो, बदलावाच लागतो. त्याला ‘ताप-फ्यूज’ चालेल. ‘वितळतार’ नको, तो साध्या फ्यूजचा शब्द.

– रिले ट्रिप झाल्यावर लगेच रिसेट होत नाही, तो बिघाड समजायचा का?

– नाही, पट्टी निवू द्या. तेवढ्यात मोटारही निवते. पण पुन्हापुन्हा ट्रिप होत असेल तर सेटिंग वाढवू नका, क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजणारा मीटर) लावून तिन्ही फेजचा प्रवाह बघा.