एचआयव्हीच्या गोळीबरोबर मल्टीव्हिटॅमिन चालतं का?

रामबागकर:
नमस्कार, इंदूरहून लिहितोय. माझा मोठा भाऊ तीन वर्षांपासून एआरटीवर (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांवर) आहे, सेंटरवरून फुकट मिळते ती टीएलडीची एक गोळी, तीन औषधं एकत्र असलेली, रात्री नऊला. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडतच नाही इतका कमी, सगळं ठीक, पण हल्ली सारखा थकवा थकवा म्हणतो म्हणून दवा बाजारातून कुणीतरी सांगितलेलं आणलं, एक मल्टीव्हिटॅमिन, एक कॅल्शियम आणि वरून इम्युनिटीची पावडर, अठराशेचा डबा!! घरात मी आणि वहिनीच जाणतो, बाहेर कुणाला विचारायची सोय नाही. यानं खरंच काही होतं का?

जुनी पेशंट:
भाऊ, मी २००९ पासून औषधावर आहे. तेव्हा झिडोवुडिन असायचं, माझं हिमोग्लोबिन ७ वर आलं आणि मी आपली लोहाच्या गोळ्या गिळत बसले, फरक शून्य, कारण लोह कमी नव्हतंच, त्या औषधानंच रक्त कमी होत होतं, ते बदललं तेव्हा चढलं. म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), बी१२, व्हिटॅमिन डी, शुगर, थायरॉइड करून घ्या. खोकला, बारीक ताप किंवा वजन उतरणं असेल तर टीबीची तपासणी सगळ्यात आधी. पावडर दुकानदाराला परत करता आली तर बघा. आणि या गोळ्या घेतात कधी?

रामबागकर:
ताई, सगळ्या एकदमच. वहिनी सुपारीच्या डबीत भरून देते, दादा नऊला दुकानातच घेतो, विसरायला नको म्हणून. जेवण घरी आल्यावर, साडेदहाला.

पोषणवाली:
अरे देवा, घोळ इथेच आहे. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम यांना पोटातच चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. भरल्या जेवणाबरोबर कॅल्शियम किंवा लोह टीएलडीसोबत चालतं, रिकाम्या पोटी घ्यायचं तर मात्र टीएलडी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. सरळ उपाय म्हणजे डबीत टीएलडी एकटीच ठेवा, बाकीचं दुपारी एकच्या जेवणाबरोबर. टीएलडी बंद करू नका हं, आणि सेंटरवर हे खरं सांगा, व्हायरल लोड परत कधी करायचा ते तेच ठरवतील.

फायद्याचं म्हणाल तर टांझानियात गरोदर बायकांवर प्रयोग झाला होता, २००४ मध्ये छापून आला, बी, सी, ई व्हिटॅमिननं आजार हळू वाढला, पण त्या बायकांना एआरटी मिळतच नव्हती. पुढे तिथेच एआरटी सुरू करणाऱ्यांना जास्त डोस देऊन पाहिला (२०१२), फायदा काही नाही, उलट रक्तातलं एएलटी, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण, वाढलं, तो प्रयोग आधीच थांबवावा लागला. त्यामुळे रोजच्या गरजेइतकं ठीक, अठराशेचा डबा कशाला? त्या पैशात महिनाभर अंडी, डाळ, शेंगदाणे येतील.

रामबागकर:
वहिनीला आत्ताच फोन केला, डबी वेगळी करतेय. एक राहिलं, अ‍ॅसिडिटीचं ते पातळ गुलाबी औषध? सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, खाऊन आला की रात्री बाराला लागतंच.

पोषणवाली:
त्यात अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, त्याला तर जेवणाची सवलतही नाही. नऊच्या गोळीनंतर बाराला चालेल, तीन तास झाले. पण संध्याकाळी पाचला घेतलं तर नऊच्या गोळीला नडेल.

रामबागकर:
पाचलाही घेतो. कचोरीनंतर.